दोन धन्यांचें राज्य आणि बेटावरचा धूर

श्री गणाधीशास व ग्रामदेवतेस नमस्कार करून, कोणास खालीं पाहावयास लावावें हा हेतु मनीं न धरितां, परंतु लाजेची गोष्ट लाजेनेंच सांगावी ऐसें जाणून, शके चवदाशें सत्तर, कीलक नाम संवत्सरीं आणि त्यापुढें जें घडलें तें जैसें ऐकिलें तैसें लिहिलें असे.

घाटाखालीं समुद्राचे कांठीं एक राज्य होतें. राज्य लहान. एका अंगास घाटाची उतरण, दुसऱ्या अंगास खाडीचें मुख, आणि मधें भाताचीं खाचरें, मिठागरें व एक बंदर. घाटावरून माल उतरे तो येथेंच गलबतांत चढे, आणि दर्यांतून येई तो येथूनच बैलांच्या पाठीवर घाट चढे. राज्याचें नांव आतां कोणी घेत नाहीं, म्हणून येथेंही घेतलें नाहीं. त्या राज्यास धनी दोन होते. घाटावर पातशहा, त्याचा पोशाख आल्याविना राजानें गादीवर बसूं नये ऐसा करार आज्याच्या वेळेपासून चालत आला होता. आणि दर्यांत आरमार बाळगून असणारे नाईक. त्यांचा कौल असल्याविना बंदरांतून होडी बाहेर पडूं नये ऐसा करार बापाच्या वेळेस करावा लागला. पातशहास दुसऱ्याची भागीदारी खपत नसे. जो आमचा तो आमचाच असावा, दुसऱ्या कोणाचा कौल घेतलेला दिसला तर पोशाख परत घेऊं, ऐसें त्याचें उघड बोलणें. नाइकांस मात्र पातशहाचें वावडें नव्हतें. पोशाख राजाच्या अंगावर आहे तोंवरच घाट खुला आणि घाट खुला तोंवरच बंदरांत माल, हें ते पुरतें जाणत, म्हणून राज्यानें जी लपवालपवी चालविली होती तीस त्यांचाही रुकार असे.

ती लपवालपवी ऐशी. दर कांहीं वर्षांनीं पातशहाचा वकील पोशाख घेऊन घाट उतरे, आणि तो यावयाचे आधीं बंदरांत नाइकांचें म्हणून जें जें असेल तें तें नाहींसें करीत. निशाण उतरवीत, त्यांचीं मापें वखारींत कोंडीत, त्यांच्या मुलखांतले शब्द बाजारांत कोणी उच्चारूं नयेत ऐशी दवंडी फिरवीत, आणि नाइकांचे गुमास्ते, गलबतें हाकणारे तांडेल व त्यांचीं बायकामुलें मचव्यांत बसवून खाडीच्या मुखाबाहेर एक बेट आहे तेथें नेऊन ठेवीत, आणि मचवे परत आणीत, कीं बेटाशीं होडी उभी दिसूं नये. वकील घाट चढून गेला म्हणजे माणसें परत येत आणि निशाण पुन्हां चढे. बेटावर वस्ती नाहीं. कांहीं खुरटीं झाडें, बाकी कातळ, आणि एक झिरा, त्याचें पाणी उन्हें तापलीं म्हणजे मचूळ होऊन आटतें.

हें सर्व काम कारभारी मंगाजी शेणवी यांचेकडे होतें. मंगाजीपंत दोन्हीं दरबारांच्या बोली जाणत, आणि दोन्हीं बोलींत खोटें इतकें नीट बोलत कीं ऐकणारास त्यांत आपला मानच वाटावा. माणूस सौम्य. चाकरावर आवाज चढविला ऐसें कोणी ऐकिलें नाहीं. बायको लवकर वारली, लेक एकच, आवडी नांवाची. तिला त्यांनीं स्वतः वेणीफणी करून वाढविली. ती वयांत आली तेव्हां राजे म्हणाले कीं, नाइकांचा गुमास्ता सांतू कामत तुमच्याच जातीचा आहे, मुलगा चांगला आहे, सोयरीक जाहली तर नाइकांशीं आपला धागा पक्का होईल. आणि मंगाजीपंतांस तें मनापासून रुचलें, कारण सांतू बंदरांतच राहत होता आणि लेक दोन गल्ल्या ओलांडून माहेरीं येणार होती. मग लग्न जाहलें, आणि आवडी रोज सांजवेळीं येऊन बापाच्या ताटांत आमटी वाढून जाई, ऐशीं कांहीं वर्षें सुखाचीं गेलीं.

कीलक संवत्सरीं माघ मासीं वार्ता आली कीं पातशहाचा वकील ख्वाजा बुऱ्हाण पोशाख घेऊन निघाला. मंगाजीपंतांनीं दवंडी फिरविली आणि मचवे सज्ज केले. आवडीचे तेव्हां दिवस भरत आले होते. ती बापाकडे आली आणि उंबऱ्याशीं बसून म्हणाली, "आबा, यंदा मी आपल्या घरीं राहूं का? माजघरांत बसेन, बाहेर तोंड काढणार नाहीं. आणि कोणी पाहिलेंच तर मी तुमची लेक आहें, हें कांहीं खोटें नव्हे." मंगाजीपंत म्हणाले, "पाहतों." मग सदरेवर गेले. राजांनीं आपण होऊन विषय काढिला. म्हणाले, "मंगाजी, लेकीस ठेवून घे. एका बाळंतिणीनें राज्य उघडें पडत नाहीं." तेव्हां मंगाजीपंत सर्वांदेखत उभे राहून बोलिले, "महाराज, माझी लेक राहिली तर उद्यां तांडेलाची बायको राहील, परवां तिची सासू राहील. हुकूम माझा आहे, तो माझ्या घरापासून लागू व्हावा." सदरेवर माना डोलल्या. राजांनींही मग आग्रह धरिला नाहीं. दुपारपर्यंत बाजारांत बोलणें पसरलें कीं कारभारी असावा तर ऐसा, पोटची पोरही सोडली नाहीं. तें बोलणें मंगाजीपंतांच्या कानीं आलें आणि त्यांस गोड लागलें. इतकें गोड लागलें कीं संध्याकाळीं लेकीस सांगावयास गेले तेव्हां त्यांच्या चेहऱ्यावर दुःखापेक्षां समाधानच अधिक होतें, आणि तें आवडीनें पाहिलें. ती म्हणाली, "बरें, आबा. सुईण बरोबर देतां ना?" सुईण दिली, आणि भरपूर तांदूळ दिले, आणि वकील जितके दिवस राहतो त्या अदमासानें पाण्याचीं पिंपें दिलीं.

ख्वाजा बुऱ्हाण आला. माणूस म्हातारा, अंगानें किडकिडीत, बोलणें थोडें. खाऱ्या वाऱ्याची त्यास सवय नव्हती. पोशाखाचा समारंभ यथासांग जाहला, राजांनीं पातशहाच्या दिशेस मुजरा केला, वाजंत्रीं वाजलीं, आणि दुसरे दिवशीं वकिलास ताप चढला. सांधे धरले, उठवेना. घाट चढणें दूर राहिलें, पालखींत बसवेना. वैद्य म्हणाले पडून राहावें, मग तो पडून राहिला, आणि त्याचा बिछाना बंदरावरच्या माडींत होता, जिच्या खिडक्या समुद्रावर उघडत आणि जेथून खाडीचें मुख व बेट हातावर ठेविल्यासारखें दिसे. माघ संपला, फाल्गुन लागला, उन्हें कडक पडूं लागलीं. वकिलाचा ताप उतरे आणि पुन्हां चढे.

राजांनीं मंगाजीपंतांस एकांतीं बोलावून विचारिलें, "बेटावर पाणी पुरेल?"

"झिरा आहे, महाराज."

"झिरा या दिवसांत आटतो. एक मचवा पाठवावा."

"दिवसा पाठविला तर माडींतून दिसेल. मग वकील विचारील कीं ओसाड बेटावर पाण्याचीं पिंपें कशास."

"रात्रीं पाठवावा."

"मुखाशीं खडक आहेत. अंधारांत त्यांतून वाट काढणारे तांडेल नाइकांचेच, आणि ते बेटावर आहेत. आपल्या कोळ्यांस घातलें तर मचवा फुटेल आणि सकाळीं फळ्या किनाऱ्यास लागतील."

राजे म्हणाले, "मग काय करावें?" मंगाजीपंत म्हणाले, "वकील दोन दिवसांत उठेल." वैद्यानें ऐसें म्हटलें नव्हतें. परंतु राजांस तें ऐकावयाचें होतें आणि मंगाजीपंतांस तें बोलावयाचें होतें, म्हणून उभयतांनीं तें खरें मानिलें.

मग एके दिवशीं दुपारीं मंगाजीपंत वकिलापाशीं बसले असतां बेटावरून धूर उठला. आधीं बारीक, मग जाड, आणि वारा पडला होता म्हणून सरळ वर गेला. ख्वाजा उशीला टेकून बसला होता. त्यानें पुष्कळ वेळ पाहिलें आणि विचारिलें, "त्या बेटावर कोण राहतें?"

मंगाजीपंत म्हणाले, "कोणी नाहीं. ओसाड आहे."

"धूर दिसतो."

"गवत वाळलें आहे. उन्हानें वणवा लागतो कधीं कधीं."

"लागतो," ख्वाजा म्हणाला. "आमच्याकडेही लागतो." मंगाजीपंतांनीं पानदान पुढें केलें. हात कांपला नाहीं. आपला हात कांपला नाहीं याचें त्यांस तेव्हां कौतुक वाटलें.

दुसरे दिवशीं धूर पुन्हां उठला, आदल्या दिवसापेक्षां काळा आणि दाट, ओलें कांहीं जाळावें तैसा. ख्वाजानें चाकरास हांक मारिली आणि म्हणाला, "समुद्राच्या उजेडानें डोळे दुखतात. माझी बैठक फिरव." मग बिछाना ओढून बैठक भिंतीकडे केली, आणि वकील समुद्राकडे पाठ करून बसला, आणि दिवसभर तैसाच बसून राहिला. मंगाजीपंत समोर बसले होते, त्यांचें तोंड खिडकीकडे. ख्वाजाच्या खांद्यावरून त्यांस धूर दिसत होता. ते घाटावरच्या पीकपाण्याच्या गोष्टी विचारीत राहिले. तिसरे दिवशीं धूर नव्हता, आणि मंगाजीपंतांस बरें वाटलें. हें बरें वाटणें पुढें त्यांस जन्मभर पुरलें.

वकिलास उतार पडला. मेणा सज्ज जाहला. राजांनीं वेशीपर्यंत पोंचविलें आणि मंगाजीपंत रिवाजाप्रमाणें घाटाच्या पायथ्यापर्यंत गेले. तेथें वडाखालीं भोई पाणी पिऊं लागले तेव्हां ख्वाजानें हातानें खूण करून मंगाजीपंतांस जवळ घेतलें आणि आपल्या बोलींत हळू आवाजांत म्हणाला, "पंत, एक विचारतों, रागावूं नका. मी पाठ फिरवून बसलों होतों. तुम्हीं मचवा कां पाठविला नाहीं?"

मंगाजीपंतांनीं मेण्याच्या दांडीवर हात ठेविला.

ख्वाजा म्हणाला, "नाइकांचीं माणसें तेथें असतात हें आमच्या दरबारांत कोणास ठाऊक नाहीं? माझ्या आधीं जे आले त्यांसही ठाऊक होतें. पातशहास तुमचें बंदर नको, तुमचे तांडेल नकोत. आमचा वकील आला म्हणजे तुम्ही लपवितां, इतकें आम्हीं परत जाऊन सांगतों. लपवितात म्हणजे भितात, भितात म्हणजे आमचे आहेत. खंडणी तीच. त्यासाठीं कोणीं तहानेनें मरावें ऐसें आम्हीं कधीं म्हटलें नव्हतें." मग मेण्याचा पडदा सोडिला आणि भोयांनीं मेणा उचलिला.

मंगाजीपंत पालखी टाकून घोड्यावर बसले. घोड्यावर बसावयाची त्यांस सवय नव्हती. भर दुपारीं बंदरांत येऊन मचवे पाण्यांत लोटविले आणि पहिल्या मचव्यांत आपण चढले. बेटावर उतरले तों निवाऱ्यास घातलेलीं माडाच्या पात्यांचीं सारीं झापें जाळलेलीं, काळे वांसे उभे, आणि लोक कातळाच्या सावलींत अंग चोरून बसलेले. कोणी उठलें नाहीं, कोणी शिवी दिली नाहीं. मचव्यांतून पाणी उतरलें तेव्हां तांडेलांनीं आधीं पोरांस पाजिलें. एका बाजूस वाळूंत दगडांच्या राशी होत्या. एका मोठ्या राशीखालीं तांडेलाची म्हातारी आई, एकीखालीं सुईण, आणि ज्या लहान राशी होत्या त्यांपैकीं एकीखालीं आवडीचा मुलगा, ज्यास जन्मून नांव मिळालें नव्हतें. सांतू कामत बायकोपाशीं बसला होता. सासऱ्यास पाहून तो उठला आणि जागा करून दूर गेला, जैसी परक्या मोठ्या माणसास देतात तैसी जागा त्यानें दिली.

आवडी पाणी प्याली. ओंठ फुटले होते. मग बापाकडे न पाहतां तिनें विचारिलें, "आबा, धूर दिसला का?"

मंगाजीपंतांच्या मुखीं उत्तर तयार होतें. तेच उत्तर त्यांनीं आयुष्यभर दोन दरबारांत दिलें होतें. नाहीं दिसला, धुकें होतें, मी त्या अंगास नव्हतों. तें त्यांनीं गिळलें आणि म्हणाले, "दिसला."

"दोन्हीं दिवस?"

"दोन्हीं दिवस."

आवडीनें मान हालविली, जैसा हिशेब बरोबर आला. म्हणाली, "मी यांस सांगत होतें कीं आबांस दिसत नसेल. दिसलें असतें तर ते आले असते. म्हणून दुसरे दिवशीं झापें समुद्रांत भिजवून घातलीं." परत येतांना ती दुसऱ्या मचव्यांत बसली.

मग मंगाजीपंतांनीं राजांस एकांतीं सर्व सांगितलें, ख्वाजाचें बोलणेंही सांगितलें. राजांनीं डोळ्यांस शेला लाविला, मेल्यांच्या घरीं धान्य पाठविलें, आणि मग म्हणाले, "म्हणजे त्यांस ठाऊक आहे."

"होय, महाराज."

"तें आपणांस कळलें हें मात्र त्यांच्या दरबारांत उघड होऊं नये. पुढील खेपेसही रीत पाळावी. पाणी तेवढें जास्त द्यावें." आणि मंगाजीपंत "आज्ञा" म्हणून बाहेर आले. घरीं येऊन बसले तेव्हां त्यांस कळलें कीं आपण आतांही "आज्ञा" म्हणालों.

त्यानंतर आवडी माहेरीं आली नाहीं. गल्लींत समोरासमोर गांठ पडली तर ती पदर पुढें ओढून भिंतीकडे वळे, जैसी बाई अनोळखी पुरुषासमोर वळते. मंगाजीपंतांनीं सांजवेळचें जेवण सोडिलें. लोक म्हणाले कारभारी व्रतस्थ जाहले. त्यांनीं लोकांस तैसें समजूं दिलें, आणि तेंही त्यांस लाजिरवाणें वाटे. दरबारांत कोणी त्यांची स्तुति करूं लागला कीं ते काम काढून उठून जात. पुढें आवडीस मुलगी जाहली, त्याची साखर कारभाऱ्यांच्या घरीं सांतूनें चाकराहातीं पाठविली, आपण आला नाहीं.

ऐशीं कांहीं वर्षें लोटल्यावर पुन्हां वार्ता आली कीं ख्वाजा बुऱ्हाण पोशाख घेऊन निघाला. दिवस उन्हाळ्याचेच होते. राजांनीं आज्ञा केली, मंगाजीपंतांनीं ऐकून घेतली, आणि दवंडी फिरवावयाचे आधीं कांहीं कामास म्हणून सकाळीं धक्क्यावर गेले. तेथें पाहतात तों नाइकांचीं सारीं माणसें आधींच येऊन बसलेलीं. कोणी बोलाविलें नव्हतें. बोचकीं बांधून, पोरें मांडीवर घेऊन, मचव्यांची वाट पाहत तीं रांगेनें बसलीं होतीं, आणि प्रत्येक घरच्या माणसांपुढें पाणी होतें. घागरी, कळशा, पखाली, मिठागरावरचीं पिंपें, लोणच्याच्या बरण्यासुद्धां धुऊन पाण्यानें भरलेल्या. आवडी बसली होती, तिच्या दोन्हीं अंगांस घागरी, आणि तिची मुलगी एका लहान तांब्यावर दोन्ही हात ठेवून तो सांडूं नये म्हणून जपत होती. कोणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. इतकेंच होतें कीं, या खेपेस त्यांनीं कारभाऱ्यावर भरंवसा ठेविला नव्हता.

मंगाजीपंत उभे राहिले. खालीं पाहिलें, मग वर पाहिलें, मग म्हणाले, "घरीं जा."

एक तांडेल म्हणाला, "वकील यावयाचा राहिला काय?"

"येतो आहे. परवां उतरेल."

"मग?"

"मग कांहीं नाहीं. कोणीं बेटावर जावयाचें नाहीं. आपापल्या घरीं राहा, दारें उघडीं ठेवा, जी बोली बोलतां ती बोला."

लोक एकमेकांकडे पाहूं लागले. तांडेलानें विचारिलें, "महाराजांची आज्ञा आहे?"

"नाहीं," मंगाजीपंत म्हणाले. "माझी आहे." आणि मचव्यांचीं सुकाणूं काढून वखारींत ठेवविलीं, कुलूप लाविलें, आणि किल्ली घेऊन गेले. आवडीनें या वेळीं पदर ओढिला नाहीं. ती बापाकडे पाहत राहिली, परंतु त्या पाहण्यांत काय होतें हें मंगाजीपंतांस वाचतां आलें नाहीं.

राजांस कळलें तेव्हां वकील घाट उतरला होता आणि उपाय राहिला नव्हता. ख्वाजाचा मेणा बाजारांतून चालला. नाइकांचें निशाण धक्क्यावर फडकत होतें, तांडेल ओट्यावर बसून आपल्या बोलींत भांडत होते, सांतू कामत वखारीपुढें नाइकांच्या मापानें मिरीं मोजीत होता. मेणा थांबला. ख्वाजा अधिकच म्हातारा जाहला होता. त्यानें पडदा सारून निशाण पाहिलें, माणसें पाहिलीं, आणि मंगाजीपंत मेण्यापाशीं गेले तेव्हां खेदानें म्हणाला, "पंत, हें काय केलेंत? पाठ फिरवावयास मला जागा तरी ठेवावयाची होती. आतां मला पाहावें लागलें."

मंगाजीपंत म्हणाले, "पाहावें, साहेब. हीं आमचींच माणसें आहेत."

"माझ्याबरोबर स्वार आहेत, लिहिणारे आहेत. मी पाहिलें नाहीं म्हटलें तरी ते म्हणतील."

"होय."

"राजांस ठाऊक आहे?"

"नाहीं. माझें एकट्याचें काम आहे."

ख्वाजा म्हणाला, "मागच्या खेपेस विचारिलें होतें त्याचें हें उत्तर काय?" मंगाजीपंत म्हणाले, "त्याचें उत्तर नाहीं, साहेब." मग पोशाखाचें गाठोडें न सोडतां मेणा तेथूनच माघारा फिरला.

पुढें जें व्हावयाचें तें जाहलें. पातशहानें घाट बंद केला. बैल उतरेनात, माल सडला. नाइकांनीं पाहिलें कीं पोशाख नाहीं तर घाट नाहीं, आणि घाट नाहीं तर राजाचाही उपयोग नाहीं. मग उभय दरबारांत बोलणें लागलें, आणि पावसाळा उलगडतांच राज्य उभें चिरलें. घाटाची उतरण आणि खाचरें पातशहाकडे गेलीं, बंदर व मिठागरें नाइकांकडे. गोळी एक सुटली नाहीं. राजांस मोकळें जावयास वाट दिली. जातांना राजे मंगाजीपंतांच्या दारावरून गेले, आणि थांबले. मंगाजीपंत बाहेर येऊन पायांवर पडले. राजे म्हणाले, "ऊठ, मंगाजी. तुझें चुकलें ऐसें मी म्हणत नाहीं. परंतु माझ्या आज्यानें, माझ्या बापानें आणि मीं जें धरून ठेविलें तें तुझ्या एका सकाळींत गेलें. मला एकदां विचारावयाचें होतेंस."

"विचारिलें असतें तर आपण नाहीं म्हणालां असतां, आणि मी आज्ञा म्हणालों असतों."

राजे म्हणाले, "तेंही खरें," आणि गेले. त्यांजबरोबर थोडींच माणसें होतीं.

मग बंदरांत दोन प्रकारचीं बोलणीं चाललीं. कोणी म्हणे कारभाऱ्यानें जांवयाच्या धन्यास राज्य विकिलें. कोणी म्हणे लेकीच्या शोकानें डोकें फिरलें. ज्यांची माणसें बेटावर वारलीं होतीं ते कांहीं म्हणत नसत. नाइकांनीं मंगाजीपंतांस कारभार देऊं केला, तो त्यांनीं घेतला नाहीं. चाकर गेले. जे दारावरून जात ते दुसऱ्या बाजूनें जात, आणि मंगाजीपंतांस तें योग्यच वाटे. ते दार लावून घरांत बसूं लागले.

ऐशा एका दिवशीं आवडी दार लोटून आंत आली. मुलगी बरोबर होती. आवडी सरळ स्वयंपाकघरांत गेली, थंड चुलींतली राख उपसली, विस्तव केला, भात टाकला. मंगाजीपंत माजघरांत खांबाशीं बसून होते. बऱ्याच वेळानें आवडी बाहेर येऊन म्हणाली, "मी सारें विसरून आलें ऐसें समजूं नका. तें होणार नाहीं."

"नाहीं समजत."

"घरांत चूल पेटत नाहीं ऐसें शेजारीण म्हणाली, म्हणून आलें."

"बरें केलेंस."

मुलगी आजोबांकडे टक लावून पाहत होती. आवडी खालीं बसली आणि जरा वेळानें तिनें विचारिलें, "लोक म्हणतात तुम्हांस राज्य गेल्याचा घोर लागला आहे."

मंगाजीपंत म्हणाले, "घोर नाहीं. लाज वाटते."

"राज्य घालविल्याची?"

"नव्हे." मंगाजीपंत उंबऱ्याकडे पाहत म्हणाले, "तूं उंबऱ्याशीं बसून विचारिलेंस, मी घरीं राहूं का. तेव्हां हो म्हणालों असतों तर काय गेलें असतें? फार तर राज्य गेलें असतें. तें तर तैसेंही गेलें. इतकीच किंमत होती, आवडे, आणि ती मीं तेव्हां दिली नाहीं."

आंत भात खदखदूं लागला होता. आवडी उठून आंत गेली, आणि दोन पानें वाढावयास घेतलीं, आबांचें आणि मुलीचें, मग थांबून तिसरें आपलें घेतलें.

एणेंप्रमाणें वृत्तांत. दोन धनी असलेलें तें राज्य तीन पिढ्या लपविण्यावर जगलें आणि एका सकाळीं उघड्यावर आल्यानें गेलें. पुढें पातशाही बुडाली, नाइकांचें आरमारही बुडालें, आणि त्यांच्या जागीं जीं राज्यें आलीं तींही एका मोठ्या मुलखांत विरलीं. मंगाजी शेणवी यांनीं चांगलें केलें कीं वाईट, हें त्या बंदरांत अद्याप ठरलेलें नाहीं. बेटावर दगडांच्या राशी आहेत. कोणाच्या म्हणून विचारिलें तर लोक सांगतात, लपविलेल्या माणसांच्या. लेखनसीमा.